फरशी फोडण्याआधी केस बाहेर काढा

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय. पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर. अंघोळ करताना पाणी घोट्यापर्यंत चढतं आणि उतरायला अर्धा तास घेतं. घरात त्या, सासूबाई आणि दोन मुली, चौघींचेही केस लांब. दोनदा ॲसिड ओतून झालं. दर वेळी आठ-दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. आता घरमालक म्हणतात, पाइप गेलाय, फरशी फोडावी लागेल आणि निम्मा खर्च तुमचा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळे बादल्यांवर बादल्या ओतून बघणंही परवडत नाही. त्यांचे प्रश्न दोन: यापेक्षा कडक ॲसिड कोणतं, आणि फरशी खरंच फोडावी लागेल का?

ताई, मी लातुरात २२ वर्षं नळाची आणि ड्रेनेजची कामं करतोय. ॲसिडचं आपण नंतर बघू. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: पाणी नेमकं कुठे अडलंय आणि कशानं अडलंय. हे माहीत नसताना ॲसिड ओतणं म्हणजे अंधारात दगड मारणं. फरशी फोडणंही तसंच, फक्त तो दगड महाग पडतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा की केसांचा बोळा जाळीपासून हातभर अंतरातच बसलाय आणि पाइप धड आहे. पण मी घर पाहिलेलं नाही, म्हणून याला अंदाजच समजा. खात्री तुमची तुम्हाला करता येईल, ती कशी ते सांगतो.

जाळीच्या खाली एक खोलगट भांडं असतं. त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, कामावरची पोरं नानी ट्रॅप म्हणतात. त्याचं तोंड मोठं असतं, मग एक वळण येतं, आणि वळणानंतर साधारण ७५ मिमीचा, म्हणजे तीन इंची पाइप निघतो. त्या वळणात ५० मिमी, म्हणजे दोन इंच, पाणी कायम उभं राहायला हवं. गटाराचा वास आणि झुरळं त्या पाण्यामुळे अडतात. जुन्या वाड्यांतल्या मोरीला हा प्रकार नव्हता. भिंतीतून सरळ भोक आणि पलीकडे गटार. तुंबलं की बाहेरून काठी घातली, मोकळं झालं. वास यायचा, विंचूकाटा आत यायचा, पण केसांना अडकायला वळण नव्हतं. आणि केस मोरीपर्यंत जायचेही कमी. माझी आजी विंचरलेले केस बोटाला गुंडाळून त्यांची गुंडी देवळीत खोचून ठेवायची. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की त्या गुंड्या तिच्या हवाली व्हायच्या. आता न्हाणं, विंचरणं, केस झटकणं, सगळं बाथरूममध्येच होतं.

माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात, त्यात काही आजार नसतो. तुमच्या घरात चौघी म्हणजे रोजचे दोन-चारशे केस. सगळे मोरीत जात नाहीत, पण डोक्यावरून अंघोळ असेल त्या दिवशी तीन-चार दिवसांचे सुटे केस एकदमच येतात. ते वाहून जाऊ शकतात. अडकतात ते पहिल्या केसाला कुठेतरी धरायला जागा मिळते म्हणून. पाइप कापल्यावर राहिलेली खरखरीत कड, जाळीच्या स्क्रूचं आत आलेलं टोक, फरशी बसवताना ओघळून वाळलेला सिमेंटचा थेंब, यातलं काहीही पुरतं. एक केस तिथं अडकला की दुसरा त्याला धरतो, मग तिसरा.

नुसत्या केसांच्या जाळ्यातून पाणी तरीही जातं. ते बंद होतं आपल्याकडच्या पाण्यामुळे. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, केस धुतले तरी चिपचिपीत राहतात, बादलीला आतून पांढरं कडं धरतं, हे तुम्ही रोज बघता. जो साबण फेस न होता फुटतो त्याचा आणि त्या क्षारांचा मिळून पाण्यात न विरघळणारा चिकट साका होतो. हा साका केसांच्या जाळ्यावर बसतो. त्यावर डोक्याचं तेल बसतं, दिवाळीत उटणं बसतं, आणि क्षारांचा थर त्याला घट्ट करतो.

मध्यंतरी एका घरातून काढलेला बोळा मी मुद्दाम उकलून बघितला. घरातल्या पोरीला दाखवायचा होता. मुठीएवढा, करडा, हाताला बुळबुळीत, कुजक्या अंड्यासारखा वास. पेचकसानं फाडला तर आत कांद्यासारखे पापुद्रे, एक काळा केसांचा, एक पांढरट साक्याचा, पुन्हा केसांचा. आणि त्यात काय काय होतं? शाम्पूच्या पुडीचे फाडलेले सात कोपरे, एक केसांचा आकडा, दोन टिकल्या, बोटभर साबणाची चिपटी. शाम्पूच्या पुडीचा तो कोपरा आपण दातानं तोडतो आणि तिथंच टाकतो. तो जाळीच्या भोकातून सहज जातो आणि केसांत आडवा बसला की झाकणासारखं काम करतो.

आता तुमच्या ॲसिडकडे येतो, म्हणजे आठ-दहा दिवसांचं कोडं सुटेल. हातगाडीवर बाटलीत मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्यानं चुन्याचा थर विरघळतो, म्हणून तुमच्या बोळ्यावरचा क्षारांचा थर थोडा गेला आणि पाण्याला एक बारीक वाट मिळाली. केस मात्र केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि या ॲसिडला ते दाद देत नाहीत. जाळं होतं तसंच राहिलं. त्यावर नवा साका बसायला आठ-दहा दिवस लागले, वाट पुन्हा बंद. हेच ॲसिड आणखी कडक आणलं तर कदाचित बारा दिवस जातील, इतकाच फरक. त्यातून बाथरूमला शहाबादी फरशी असेल तर नुकसान वेगळंच. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की फेसाळतो, खरबरीत होतो, सांध्यांतलं सिमेंटही झिजतं. मग त्या सांध्यांतून पाणी खाली मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. तुंबलेल्या मोरीपायी सुरू झालेलं ॲसिड शेवटी खरोखर फरशी फोडायला लावतं, हे मी दोन-तीन घरांत डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या स्वतःच्या हाताचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या कामाची आहे. गंजगोलाईच्या मागच्या बाजूला एका घरी बोलावलं होतं. मोरी तुंबलेली, वर पाणी उभं. मी नेहमीसारखा हात घातला. दोन मिनिटांत बोटांच्या मधे चुरचुरायला लागलं, मग आग. घरच्यांनी तासाभरापूर्वी ॲसिडची अख्खी बाटली ओतली होती आणि सांगायचं राहून गेलं होतं. हातमोजे घातलेले नव्हते. हात किती तरी वेळ वाहत्या पाण्याखाली धरला, तरी चार दिवस पाना धरता आला नाही. म्हणून ताई, तुम्ही किंवा तुमच्या घरी येणारा कुणीही त्या मोरीत हात घालणार असेल, तर आधी सांगा की इथं ॲसिड पडलंय, कधी पडलंय आणि किती. ते वर उभ्या पाण्यात असेल तर मगानं काढून ड्रेनेजमध्ये दुसरीकडे ओतू नका. भरपूर पाणी मिसळून ते पातळ करा, रात्रभर उतरू द्या, मग कामाला लागा.

कुठे अडलंय ते ओळखायची माझी रीत साधी आहे. सकाळी पहिल्या अंघोळीच्या आधी, पाइप रात्रभर निथळलेला असताना, एक लिटरचा मग घेऊन जाळीवर एकेक मग भरभर ओता आणि मोजा. ७५ मिमीच्या पाइपात मीटरला साधारण चार लिटर पाणी मावतं. पहिल्या-दुसऱ्या मगालाच पाणी वर आलं तर अडथळा ट्रॅपमध्येच आहे. आठ-दहा मग झपाट्यानं गेले आणि मग एकदम पाणी वर आलं, तर अडथळा पुढे दोन-अडीच मीटरवर, म्हणजे पाइपच्या एखाद्या बेंडला किंवा चेंबरजवळ. हे माप अगदी काटेकोर नाही. पाइपला उतार किती, आधीचं पाणी किती निथळलं, यावर ते हलतं. पण ट्रॅप की पुढचा पाइप, एवढं नक्की कळतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. त्याच वेळी बाकीचंही बघून घ्या. बेसिनमध्ये पाणी सोडलं की बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येतात का? संडासचं पाणीही हळू जातं का? तसं असेल तर दोष सामाईक लाइनचा आहे. मग ते काम घरमालकाचं आणि सगळ्या मजल्यांचं मिळून होतं, एका भाडेकरूचं नाही. फक्त अंघोळीची जागाच तुंबत असेल तर पुढचं वाचा.

सामान फार लागत नाही. लोखंड बांधायची बाइंडिंगची तार हातभर, नाहीतर सायकलच्या ब्रेकची जुनी तार. केस काढायची काटेरी प्लास्टिकची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती असली तर उत्तम. एक स्क्रू ड्रायव्हर, मोबाइलचा टॉर्च, जुनं फडकं, रबरी हातमोजे, आणि बोळा टाकायला एक पिशवी. मोजे नसतील तर दुधाच्या दोन पिशव्या हातात चढवून मनगटाला रबर लावा, माझे उस्ताद तेच करायचे.

आधी जाळी काढा. स्क्रू असतील तर सोडवा. क्षारांनी धरले असतील तर लिंबू चोळून तासभर थांबा, इथं लिंबाचा उपयोग खरा आहे. जाळी पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवलेली असेल तर कडेनं जुन्या सुरीचं टोक फिरवत सांधा मोकळा करा, ठोकू नका. ठोकलं की टाइलचा कोपरा उडतो आणि घरमालकाशी नवा वाद सुरू होतो. जाळी निघाली की आतलं उभं पाणी मगानं आणि फडक्यानं पिळून बादलीत काढा. हे बरेच जण करत नाहीत आणि काळ्या पाण्यात आंधळेपणानं तार फिरवत बसतात. पाणी काढल्यावर टॉर्च धरला की तोंडाजवळच केसांची कड दिसते, शेवाळल्यासारखी. काही जुन्या ट्रॅपमध्ये आत एक उलटी वाटी असते, ती उचलली की निघते. तिच्या काठाला केसांचा हार धरलेला असतो. ती वाटी धुऊन परत ठेवायची असते, फेकायची नसते. ती फेकली की दुसऱ्या दिवसापासून घरात गटाराचा वास येतो आणि कारण कुणाला कळत नाही.

जे हाताला येईल ते हातानं काढा. मग तारेच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा आकडा वाकवा, टोक आत वळवा म्हणजे पाइप ओरखडणार नाही, आणि ट्रॅपच्या भिंतीला घासत खाली उतरवा. वळण लागलं की जोर करायचा नाही. तार दोन-तीन वेळा स्वतःभोवती फिरवायची, सुतावर सूत गुंडाळल्यासारखी, आणि मग सावकाश वर ओढायची. हिसका मारला की बोळा तुटतो आणि खालचा अर्धा भाग पुढे सरकतो. ओढताना हाताला रबरासारखा ताण लागला तर समजा बोळा धरलाय. वर आलेल्या बोळ्याकडे नीट बघा. त्याच्या शेवटी निमुळती, बारीक शेपटी असेल तर बहुतेक सगळा आला. टोक एकदम जाड आणि तुटल्यासारखं असेल तर आत अजून आहे, पुन्हा तार घाला. मला तीन-चार फेऱ्या लागतातच. तुम्हाला सहा लागतील, त्यात काही वावगं नाही.

रबरी पंप मारायचा तो यानंतर. लोक आधी पंप मारतात, आणि या एका चुकीनं सोपं काम अवघड होतं. ट्रॅपमधला बोळा हाताच्या टप्प्यात असतो. पंपानं तो वळण ओलांडून पुढच्या बेंडला जाऊन बसला की हात पोचत नाही, तार पोचत नाही, आणि मग खरंच कुणीतरी फरशीकडे बोट दाखवतं. क्रम असा ठेवा: आधी ओढायचं, मग ढकलायचं, मग धुवायचं. पंप मारताना ट्रॅपमध्ये पंपाचं रबर बुडेल इतकं पाणी हवं. आणि बेसिनचा किंवा वॉशिंग मशीनचा पाइप त्याच ट्रॅपमध्ये येत असेल तर त्याचं तोंड ओल्या फडक्यानं गच्च बंद करा, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. दहा-बारा वेळा दाबा, ओढताना जास्त जोर लावा.

धुवायला नवं पाणी घेऊ नका. आपल्या गावात पाण्याची किंमत मी तुम्हाला काय सांगू? २०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ तारखेला पहिल्या गाडीचे दहा डबे, पाच लाख लिटर, तेव्हा लोकांसारखाच मीही स्टेशनावर बघायला गेलो होतो. त्या वर्षी एक गोष्ट लक्षात आली. लोक अर्ध्या बादलीत अंघोळ करत होते, तेही पाणी पुन्हा संडासला वापरत होते, आणि मोऱ्या मात्र जास्त तुंबत होत्या. उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. थोडं थोडं पाणी हळूहळू गेलं की केस आणि साका जागीच बसतात आणि वाळतात. वाहून न्यायला पाण्याचा एकदम लोंढा लागतो. म्हणून माझा सल्ला असा की धुणं खळबळलेलं पाणी बादलीत साठवा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण बादली एकाच वेळी जाळी काढलेल्या मोरीत ओता. तेच पाणी दिवसभर मगा-मगानं ओतलं तर काही उपयोग नाही. त्यात चमचाभर भांड्याचा द्रव साबण टाकला तर तेलकट साका सुटायला मदत होते. पाणी गरम असेल तर चांगलंच, पण अंघोळीला घेतो तेवढंच गरम. उकळतं पाणी पीव्हीसी पाइपात ओतू नका. तो पाइप ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, सांधे ढिले होतात, आणि लोंबलेल्या पाइपात पाणी कायमचं साचतं.

खायचा सोडा आणि व्हिनेगर, किंवा सोडा आणि लिंबू, याबद्दल खूप जणी विचारतात. दोन्ही एकत्र आले की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. दिसायला जोरदार, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळपास साधं खारट पाणी उरतं. वास थोडा कमी होईल, केस हलणार नाहीत. त्यात नुकसान काही नाही, पण केस निघतील या भरवशावर राहू नका.

केस विरघळतात ते अल्कलीत. बाजारात ड्रेन साफ करायची पुडी मिळते ती बहुतेक कॉस्टिक सोडाच असते. केस काढायची क्रीमही अल्कधर्मीच असते. मग मी आधीच ती का नाही सांगितली? कारण मुठीएवढ्या बोळ्यावर ती बाहेरून थोडी कुरतडते, आणि वर पाणी उभं असेल तर पातळ होऊन तेवढंही करत नाही. कमी पाण्यात जास्त पुडी पडली तर ती आत दगडासारखी जमते, मग ती काढायची कशी हा वेगळाच प्रश्न. तारेनं बोळा काढून झाल्यावर, भिंतीला राहिलेल्या मळासाठी, पुडीवर लिहिल्याप्रमाणे आणि तेवढीच वापरायला माझी हरकत नाही. हातात मोजे, डोळ्याला चष्मा, पोरं बाहेर, खिडकी उघडी. कालवायची असेल तर पाण्यात कॉस्टिक टाका, कॉस्टिकवर पाणी ओतू नका, ते उसळून तोंडावर येतं. जर्मनच्या भांड्यात तर मुळीच कालवू नका. ते ॲल्युमिनियम खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यात उडालं तर चोळत बसू नका. पंधरा-वीस मिनिटं पाण्यानं धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा.

आणि हे मात्र मी कळकळीनं सांगतो: तुमच्या मोरीत ॲसिड पडलेलं आहे, तिथं लगेच कॉस्टिक टाकू नका. दोन्ही भिडले की एवढी उष्णता होते की पाणी उसळून बाहेर येतं. तसंच ॲसिडवर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच टाकलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो माणसाचा श्वास कोंडतो. घराघरात संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकाच कोपऱ्यात ठेवलेलं असतं. ते वेगळं ठेवा.

आता फरशीचं. फोडायची वेळ कधी येते? खालच्या घराच्या छताला तुमच्या बाथरूमखाली ओल असेल तर. फरशीच्या कामात सिमेंटचा राडा पाइपात जाऊन घट्ट झाला असेल तर. पाइपाचा उतार उलटा पडला असेल तर, मग कितीही साफ करा, महिन्यात परत तुंबतं. तळमजला असेल आणि जवळ कडुलिंब, पिंपळ, उंबर असलं झाड असेल तर मुळं सांध्यात शिरतात, तेव्हाही. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, पण छताची ओल खालच्या शेजाऱ्यांना एकदा विचारून घ्या. मगांच्या मापात अडथळा पुढे निघाला तरी फोडण्याआधी एक पायरी आहेच. खालचं चेंबर उघडून तिकडून उलट्या दिशेनं स्प्रिंग घालता येते. हे प्लंबरकडून करून घ्या. पाच मीटरची हातानं फिरवायची स्प्रिंग असते, ती नवख्यानं जोरात दामटली तर जुन्या ट्रॅपला तडा जातो.

बेसिन तुंबलं तर ते सोपं. खाली बादली ठेवा, बेसिनखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपची, म्हणजे बॉटल ट्रॅपची, वाटी हातानं फिरवून काढा, धुवा, वॉशर जागेवर आहे ना बघून परत बसवा.

ज्यांचं बाथरूमचं पाणी शोषखड्ड्यात जातं, त्यांच्यासाठीही एक सांगतो. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघर शोषखड्डे करून गटारंच बंद केली. फार चांगलं काम. पण त्या खड्ड्यात केस आणि साबणाचा साका गेला की दगडगोट्यांमधल्या फटी बुजतात आणि पाणी मुरायचं थांबतं. केस कुजायला फार काळ लागतो. तिथं खड्ड्याआधीच्या टाकीला जाळी हवी आणि ती महिन्याला साफ व्हायला हवी.

पुन्हा तुंबू नये म्हणून घरात दोन-तीन सवयी लावा. अंघोळीला जाण्याआधी केस बाहेर विंचरा, सुटे केस तिथंच निघतात. मोरीच्या जाळीवर बारीक भोकांची आणखी एक जाळी ठेवा, स्टीलची, उचलता येणारी. डोक्यावरून अंघोळ झाली की जी न्हाली तिनंच ती जाळी उचलून केस कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. सगळ्यात शेवटी जाणाऱ्याच्या गळ्यात ते काम बांधलं की ते कधीच होत नाही. शाम्पूची पुडी बाहेर कापून आत न्या. आणि उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर निघताना ट्रॅपमध्ये दोन मग पाणी आणि त्यावर दोन चमचे खायचं तेल ओता. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर आटत नाही, नाहीतर मे महिन्यात परत येईपर्यंत ते वळण कोरडं पडतं आणि दार उघडताच गटाराचा वास येतो.

घरमालकांशी भांडू नका. आधी तार घालून बोळा काढा आणि तो पिशवीत ठेवा. मग पंधरा-वीस लिटरची एक बादली धुण्याच्या पाण्यानं भरा, जाळी काढून एकदम ओता आणि घड्याळ बघा. ट्रॅप मोकळा असेल तर माझ्या अनुभवात ती अर्ध्या मिनिटाच्या आत जाते. तशी गेली की घरमालकांना वर बोलवा, त्यांच्यासमोर दुसरी बादली ओता आणि पिशवी उघडून दाखवा. नाही गेली, तर मगांचे आकडे, बेसिनचे बुडबुडे आणि खालच्या छताची ओल, हे तिन्ही लिहून मला कळवा. पुढचं आपण त्यावरून ठरवू.